‘म्हाताऱ्या पेशी’, आतड्याचा कॅन्सर आणि रिपोर्टमधली एक ओळ

सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. आईचं वय ६४. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, महिन्यापूर्वी ऑपरेशन झालं. तपासलेल्या १८ लिम्फ नोडपैकी (आतड्याजवळच्या छोट्या रसग्रंथी) २ मध्ये आजार सापडला. यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत, आता केमो सुरू व्हायची आहे. मधल्या काळात ताईंच्या वाचनात आलं की शरीरातल्या ‘म्हाताऱ्या पेशी’ आतड्याचा कॅन्सर पसरायला मदत करतात आणि केमोमुळे अशा पेशी आणखी तयार होतात. त्यांचे प्रश्न तीन. आईचं वय झालंय म्हणून आजार लिम्फ नोडपर्यंत गेला का? केमोने म्हाताऱ्या पेशी वाढणार असतील तर ती द्यावी का? आणि या पेशी मारणाऱ्या कॅप्सूल मिळतात म्हणे, त्या सुरू कराव्यात का? शिवाय रिपोर्टमधली एक ओळ त्यांना कुणी समजावून सांगितलेली नाही: ‘ट्यूमर बडिंग – हाय’.

मी पुण्यात सत्तावीस वर्षं हिस्टोपॅथॉलॉजी करते आहे, म्हणजे ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासून रिपोर्ट लिहिणारी डॉक्टर. पेशंटची आणि माझी भेट क्वचितच होते. माझ्यापर्यंत पोचतो तो तुकडा टिकवून ठेवणाऱ्या फॉर्मॅलिनचा डबा. केमोची तारीख जवळ आली असेल, म्हणून उत्तरं आधी सांगून टाकते. आजार पसरला तो आईंच्या वयामुळे, असं म्हणता येत नाही. केमो द्या. कॅप्सूल देऊ नका. आता कारणं सांगते, आणि त्यात ती बडिंगची ओळही येईल, कारण तुम्ही वाचलेली बातमी आणि ती ओळ या एकाच जागेच्या गोष्टी आहेत.

‘म्हातारी पेशी’ या शब्दानेच अर्धा घोळ होतो. आपल्याला वाटतं, म्हाताऱ्या माणसाच्या पेशी त्या म्हाताऱ्या. तसं नाही. शास्त्रात जिला सेनेसंट म्हणतात ती पेशी म्हणजे जिने विभागणं कायमचं थांबवलंय, पण जी मेलेली नाही. अशी पेशी विशीतल्या मुलाच्या अंगातही असते, पोटातल्या गर्भाची घडण चालू असतानाही काही ठिकाणी थोडा काळ असते. उलट ऐंशीच्या आजोबांच्या आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होत असतं. माणसाचं वय आणि पेशीचं हे थांबणं यांचा संबंध आहे, पण ती एकच गोष्ट नव्हे.

१९६१ मध्ये फिलाडेल्फियात लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवून दिलं की माणसाच्या साध्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवल्या तर साधारण ४० ते ६० वेळा विभागतात आणि मग थांबतात. तोवर सगळ्यांची समजूत अशी होती की पेशी नीट पोसली तर ती अमरच आहे. शिकत असताना काही महिने मी एका प्रयोगशाळेत पेशी वाढवायला शिकत होते, तेव्हा हे थांबणं मी स्वतः पाहिलं. शेजारी-शेजारी दोन प्रकारच्या बाटल्या होत्या. एकीत आतड्याच्या कॅन्सरच्या पेशी, एचटी-२९ नावाच्या. जगभरच्या प्रयोगशाळांत त्या दशकानुदशकं वाढतायत. दुसरीत त्वचेखालच्या साध्या पेशी, फायब्रोब्लास्ट. सुरुवातीला त्या फायब्रोब्लास्ट बारीक, निमुळत्या, सगळ्या एका दिशेने तोंड करून, ओढ्यातल्या माशांसारख्या. काही आठवड्यांनी बाटली भरायला जास्त दिवस लागू लागले. मग एक दिवस भिंगाखाली पाहिलं तर पेशी पसरट झालेल्या, मोठ्या, मधे केंद्रक, अगदी तव्यावर सोडलेल्या हाफ फ्रायसारख्या. त्यानंतर त्यांची संख्या वाढली नाही. मला वाटलं, मेल्या. पण बाटलीतला गुलाबी द्रव दर दोन-तीन दिवसांनी पिवळसर होत होता. म्हणजे आत कुणीतरी खात होतं, आम्ल टाकत होतं. पेशी थांबलेली असते, गप्प बसलेली नसते. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

पेशी थांबते कशामुळे? एक कारण आता बऱ्याच जणांना माहीत असतं: गुणसूत्रांच्या टोकांना असलेली टेलोमिअर नावाची टोपणं दर विभाजनाला थोडी झिजतात आणि फार आखूड झाली की पेशी थांबते. (या टोपणांच्या शोधाला २००९ चं नोबेल मिळालं, एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरल ग्रायडर आणि जॅक शोस्टॅक यांना.) पण आपल्या विषयाला जास्त महत्त्वाची कारणं दुसरी आहेत. डीएनएला मार बसला, किरणोत्साराने, औषधाने, जळजळीने, जंतूंच्या विषाने, तर पेशी थांबते. आणि कॅन्सरकडे नेणारं जनुक पेशीत पेटलं तरीही पेशी थांबते. १९९७ मध्ये हे स्पष्ट दिसलं: रास कुळातलं बिघडलेलं जनुक साध्या पेशीत घातलं तर ती बेफाम वाढत नाही, उलट पी-५३ आणि पी-१६ हे दोन ब्रेक करकचून दाबते आणि कायमची थांबते.

याचं उदाहरण बघायला मायक्रोस्कोप नको. हातावरचा साधा तीळ पाहा. बहुतेक तिळांतल्या पेशींमध्ये बीराफ नावाचं जनुक बिघडलेलं असतं, तेच जे त्वचेच्या एका वाईट कॅन्सरमध्ये बिघडतं. तरीही तीळ चाळीस-पन्नास वर्षं तसाच राहतो, कारण थोडं वाढून त्या पेशी थांबलेल्या असतात. आतड्यातही असंच होतं. उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात एक चपटा पॉलिप, म्हणजे अस्तरावरची छोटी वाढ, येतो, कडा करवतीसारख्या दातेरी. त्याची सुरुवात पुष्कळदा याच बीराफच्या बिघाडाने होते. पेशी काही काळ वाढतात आणि पी-१६ चा ब्रेक लागून थांबतात. पॉलिप वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. पुढे एखाद्या पेशीत पी-१६ चं जनुक रासायनिक कुलूप लागून बंद पडतं, ब्रेक सुटतो, आणि मग तिथून कॅन्सरची वाट सुरू होते.

म्हणून ‘म्हाताऱ्या पेशी कॅन्सर करतात’ हे वाक्य मला अर्धवट वाटतं. पेशीचं थांबणं ही आधी आपली राखण आहे. ते नसतं तर प्रत्येक तीळ आणि प्रत्येक पॉलिप घातक झाला असता. अडचण पुढे येते. थांबलेली पेशी वेळेत उचलली गेली नाही आणि तिथेच ठाण मांडून बसली की तिच्या बाहेर टाकण्याचा त्रास शेजाऱ्यांना होऊ लागतो.

पेठांतल्या जुन्या वाड्यात राहिलेल्यांना हे लगेच कळेल. एखादी भिंत पडत नाही, ती वाड्याचं वजनही पेलत असते, पण आत ओल धरलेली असते. ती ओल पावसाळ्यात शेजारच्या खोलीत येते, तिथला गिलावा सुटतो, लाकूड फुगतं, वाळवीला वाट मिळते. सेनेसंट पेशी अशी ओल सोडते. कॅलिफोर्नियातल्या जुडिथ कॅम्पिसी यांनी आपली सगळी हयात या विषयात घालवली. २०२४ च्या जानेवारीत त्या गेल्या. २००१ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की थांबलेल्या फायब्रोब्लास्टच्या सहवासात कॅन्सरच्या वाटेवर असलेल्या पेशी झपाट्याने वाढतात, आणि २००८ मध्ये या पेशी नेमकं काय काय बाहेर टाकतात त्याची मोठी यादी मांडली. त्यात आयएल-६ आणि आयएल-८ सारखे जळजळीचे निरोप आहेत, पेशींभोवतीचं कोलॅजनचं आधाराचं जाळं कापणारी विकरं (एन्झाइम) आहेत, नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारे पदार्थ आहेत. जखम झाली असेल तर हे सगळं उपयोगी आहे, कारण दुरुस्तीला हेच सामान लागतं. कॅन्सरच्या कडेला मात्र हेच सामान चोराच्या हाती पडतं.

आतड्याच्या कॅन्सरमध्ये ही ‘कड’ फार महत्त्वाची. तुमच्या आईंच्या रिपोर्टमधली ओळ तिथलीच आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

ऑपरेशनमधून आलेलं आतडं आम्ही उघडतो, धुतो, पिनांनी थर्माकोलवर ताणून एक रात्र फॉर्मॅलिनमध्ये ठेवतो. दुसऱ्या दिवशी गाठीतून उभे काप घेतो, सुरीने, ब्रेडच्या स्लाइससारखे. उघड्या डोळ्यांनीही दिसतं की वरच्या बाजूला गाठ आतड्याच्या पोकळीत फुगलेली आहे आणि खालच्या बाजूला पांढुरकी होऊन स्नायूत आणि पिवळ्या चरबीत शिरलेली आहे. ती खालची सीमा म्हणजे घुसणारी कड. तिथले तुकडे मेणात बसवतात, केसाहून कितीतरी पातळ काप काढतात आणि गुलाबी-जांभळा रंग देऊन स्लाइड माझ्या टेबलावर येते. गाठीच्या मधल्या भागात कॅन्सरच्या पेशी एकमेकींना धरून असतात, ओबडधोबड का होईना, नळ्या करतात. कडेला आले की काही ठिकाणी ही नळी फुटलेली दिसते. एखादी पेशी एकटीच सुटून चरबीच्या दिशेने निघालेली, कुठे दोघी, कुठे चौघी. एकटी पेशी किंवा चारपर्यंतचा पुंजका, याला आम्ही ‘बड’ म्हणतो. २०१६ मध्ये जगभरच्या पॅथॉलॉजिस्टनी बसून नियम ठरवला: जिथे बड सर्वांत दाट असतील त्या ०.७८५ चौरस मिलिमीटरच्या जागेत ते मोजायचे. ४ पर्यंत कमी, ५ ते ९ मध्यम, १० किंवा अधिक म्हणजे ‘हाय’. तुमच्या आईंच्या स्लाइडवर कुणीतरी एक-एक करून दहा किंवा अधिक मोजले आहेत. असे सुटलेले पुंजके जास्त असले की लिम्फ नोडमध्ये आजार जाण्याची शक्यता वाढते. तो तुमच्याकडे दोन लिम्फ नोडमध्ये गेलेलाच आहे, त्यामुळे या ओळीने वेगळी भीती घालून घेऊ नका. केमो का हवी, याचं ते आणखी एक कारण आहे.

आता यातली नवलाची गोष्ट. आपण धरून चालतो की पुढे घुसणारी पेशी सर्वांत वेगाने वाढणारी असणार. २००१ मध्ये जर्मनीतल्या पॅथॉलॉजिस्टच्या एका गटाने आतड्याच्या कॅन्सरच्या कडा नीट तपासल्या तेव्हा उलटंच दिसलं. घुसणाऱ्या कडेवर विभाजन मंदावलेलं होतं आणि तिथेच पी-१६ हा ब्रेक जोरात दिसत होता. केआय-६७ नावाचा रंग विभागणाऱ्या पेशीचं केंद्रक तपकिरी करतो. हा रंग लावलेल्या स्लाइड मी शेकड्यांनी पाहिल्या आहेत. गाठीचा मधला भाग तपकिरी ठिपक्यांनी भरलेला असतो, आणि कडेला सुटलेले ते एकटे-दुकटे बड बहुधा फिकट निळे, ठिपक्याशिवाय. कॅन्सर पसरवायला निघालेली पेशी त्या घडीला विभागत नसते. ती वाढायचं काम बाजूला ठेवून चालायचं काम करते.

म्हणजे ती पूर्ण सेनेसंट झालेली असते का? प्रत्येक बड तसा नसतो, आणि इथे सावध राहायला हवं. पी-१६ एकटा दिसला म्हणून पेशी म्हातारी ठरत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये तो भरपूर दिसतो तो एचपीव्ही विषाणूमुळे. सेनेसंट पेशी ओळखण्याचा जुना निळा रंग १९९५ पासून वापरात आहे, पण त्याला ताजा किंवा गोठवलेला तुकडा लागतो. हा रंग ज्या विकरामुळे उमटतो ते फॉर्मॅलिन आणि मेणातून गेलेल्या तुकड्यात उरतच नाही. त्यामुळे रोजच्या रिपोर्टमध्ये ‘सेनेसंट पेशी इतक्या’ अशी ओळ तुम्हाला मिळणार नाही, आणि कुणी पैसे घेऊन तशी तपासणी करून देतो म्हणाला तर करू नका. संशोधनात मात्र तीन-चार खुणा एकत्र लावून पाहतात, आणि त्यातून दिसतं की आतड्याच्या गाठीत अशा पेशी असतात. काही कॅन्सरच्याच थांबलेल्या, काही आजूबाजूच्या आधाराच्या पेशी.

या मुक्कामी बसलेल्या पेशी नेमकं काय करतात? आधाराच्या थांबलेल्या फायब्रोब्लास्ट कोलॅजन कापणारी विकरं सोडतात, त्यातून चालणाऱ्यांना वाट मोकळी होते. त्यांच्यातून जीडीएफ-१५ नावाचा पदार्थ येतो, जो आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना वाढायला आणि हलायला उठवतो. टीजीएफ-बीटासारखे निरोप शेजारच्या कॅन्सर पेशीला सांगतात की सखीचा हात सोड आणि एकटी निघ. पण मला सगळ्यात विचार करायला लावणारं काम दक्षिण कोरियातलं आहे, २०२१ चं. त्यांना आतड्याच्या गाठीत थांबलेल्या कॅन्सर पेशी सापडल्या, आणि त्या सीएक्ससीएल-१२ आणि सीएसएफ-१ असे दोन पदार्थ सोडत होत्या. पहिल्याचं प्रमाण इतकं वाढतं की कॅन्सरला मारायला येणाऱ्या टी-पेशी दिशा हरवतात. दुसरा तिथल्या भक्षक पेशींना असं वळण लावतो की त्या टी-पेशींनाच थोपवतात. थांबलेली पेशी स्वतः कुठे जात नाही, कुणाला मारत नाही, पण मागच्या वाढणाऱ्या पेशींभोवती कुंपण घालून देते. बाहेर पहारा आहे आणि आत येता येत नाही.

इथून पुढचा प्रवास शरीराच्या रचनेने ठरतो. मोठ्या आतड्याचं रक्त पोर्टल शिरेतून आधी यकृतात जातं, म्हणून यकृत हे पहिलं ठाणं. गुदाशयाच्या अगदी खालच्या भागातलं काही रक्त यकृताला वळसा घालून थेट हृदयाकडे जातं, तिथून फुप्फुसात. पोटाच्या आतल्या पातळ पडद्यावरही आजार रुजतो, आणि त्या पडद्याच्या पेशी सेनेसंट झालेल्या असतील तर कॅन्सरच्या पेशी तिथे जास्त सहज चिकटतात असं प्रयोगांत दिसलंय.

तुमचा पहिला प्रश्न. वय वाढतं तशा सगळ्या अंगात थांबलेल्या पेशी साठतात, कारण त्या उचलून नेणारी प्रतिकारयंत्रणा मंदावते. आतड्याचा कॅन्सर पन्नाशीनंतर जास्त का दिसतो, याचा हा एक धागा आहे. पण ६४ व्या वर्षी दोन लिम्फ नोडमध्ये आजार गेला तो वयामुळे, असं कुणालाच म्हणता येणार नाही. माझ्या टेबलावर बत्तिशीतल्या, पस्तिशीतल्या मुलामुलींची आतडी येतात, आणि त्यांच्या कडेलाही हेच बड असतात. तरुणांमध्ये पेशी लवकर थांबायची इतर कारणं असतात. ई. कोलाय या आपल्या आतड्यातल्या नेहमीच्या जंतूची एक जात कोलिबॅक्टिन नावाचं विष करते. ते डीएनए तोडतं, मार बसलेल्या पेशी थांबतात आणि ओल सोडायला लागतात. २०१४ मध्ये फ्रान्समधल्या गटाने हे दाखवलं. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठींचा जनुकीय आराखडा वाचला गेला तेव्हा चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांमध्ये या विषाच्या खुणा सत्तरीनंतरच्यांपेक्षा सुमारे तिप्पट आढळल्या. आईंना मात्र हे सांगा की त्यांनी काही चुकीचं खाल्लं, उशीर केला, वय झालं, अशा कुठल्याच गोष्टीचा दोष त्यांच्याकडे नाही. घरात बसून बायका हेच उगाळत राहतात. फोनवर मुली मला हेच विचारतात: आई विचारते, माझं काय चुकलं?

दुसरा प्रश्न केमोचा, आणि इथे मला तुमच्याशी ठाम बोलायचंय. तुम्ही वाचलं ते खोटं नाही. केमोचं औषध काही कॅन्सर पेशींना मारतं आणि काहींना फक्त थांबवतं. साध्या पेशीही काही प्रमाणात थांबतात. उंदरांवरच्या प्रयोगांत, २०१७ मध्ये, केमोनंतरचा थकवा आणि आजार उलटणं या दोन्हींत अशा पेशींचा हात दिसला. २०१८ मध्ये रक्ताच्या एका कॅन्सरमध्ये दिसलं की थांबलेली पेशी जागी झालीच तर पूर्वीपेक्षा जास्त चिवट होऊन येते. पण हे सगळं वाचून केमो टाळायची म्हणजे उंदराच्या पिंजऱ्यातली गोष्ट आईच्या अंगावर लादायची. माणसांचा हिशोब वेगळा आणि मोठा आहे. ऑपरेशननंतर दिल्या जाणाऱ्या ५-एफयू या केमोच्या औषधाला ऑक्झॅलिप्लाटिन या दुसऱ्या औषधाची जोड द्यावी का, हे २,२४६ पेशंटवर तपासलं गेलं. २००४ मध्ये निकाल आला. तीन वर्षांनी आजार न उलटलेले जोडीशिवाय १०० मधले सुमारे ७३, जोडीसह ७८. आणि नुसती ५-एफयू सुद्धा ऑपरेशन एकट्यापेक्षा सरस आहे, हे त्याआधीच सिद्ध झालेलं होतं. सेनेसंट पेशी तयार होत असतील, त्या सगळ्या धरूनच हे आकडे आहेत. तीन महिने की सहा महिने, दोन औषधं की एक, हातापायांना मुंग्या आल्या तर काय करायचं, हे ऑन्कॉलॉजिस्टशी बोला. तिथे ऐकून घेतलं जाईल. केमो घेऊ नये असा विचार मात्र करू नका.

तिसरा प्रश्न. या पेशी निवडून मारणारी औषधं, सेनोलायटिक, ही कल्पना मी मनापासून आशेने पाहते. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये उंदरांच्या अंगातल्या पी-१६ वाल्या पेशी काढून टाकल्या तर म्हातारपणाची लक्षणं लांबली, हा निकाल वाचला तेव्हा आम्ही रात्री उशिरापर्यंत त्यावर बोलत होतो. २०१५ मध्ये पहिली औषधजोडी आली: डॅसॅटिनिब आणि क्वेर्सेटिन. डॅसॅटिनिब हे ब्लड कॅन्सरचं औषध आहे. त्याने प्लेटलेट उतरतात, फुप्फुसाभोवती पाणी होतं. क्वेर्सेटिन कांद्यात असतं आणि तेच कॅप्सूलमध्ये भरून ‘अँटी एजिंग’ म्हणून विकलं जातं. कांदा खुशाल खा. पण डब्यातली कॅप्सूल घेऊन आतड्याचा कॅन्सर पसरायचा थांबतो, असं माणसांत कुठेही सिद्ध झालेलं नाही.

आणि तुमच्या आईंच्या बाबतीत तर एक वेगळी भीती आहे. जखम भरताना काही पेशी मुद्दाम थोडा काळ सेनेसंट होतात आणि भरून यायला मदत करतात. २०१४ मध्ये उंदरांत त्या काढून टाकल्या तर जखम उशिरा भरली. आईंच्या पोटात महिन्यापूर्वी आतड्याची दोन टोकं जोडलेली आहेत. तिथे शरीराचं स्वतःचं काम चालू आहे. २०२० च्या एका प्रयोगात पी-१६ वाल्या पेशी सरसकट काढल्यावर उंदरांच्या यकृतात जखमेच्या खुणेसारखे घट्ट व्रण (फायब्रोसिस) आले, कारण त्या पेशी तिथलं गाळण्याचं काम करत होत्या. ओल आली म्हणून वजन पेलणारी भिंतच पाडण्यासारखं झालं ते. शिवाय केमो चालू असताना जादा गोळ्यांचा भार यकृतावर पडू शकतो. कॅप्सूलच नाही, काढे, अर्क, ‘इम्युनिटी बूस्टर’, जे काही घरात आणलं असेल ते ऑन्कॉलॉजिस्टच्या टेबलावर नेऊन ठेवा. रागावतील म्हणून लपवू नका.

काय करता येईल, हे विचारलं नाहीत पण सांगते. केमो संपली की चालायला लावा. २०२५ मध्ये एका मोठ्या चाचणीचा निकाल आला. ऑपरेशन आणि केमो झालेले, तिसऱ्या टप्प्याचे (आईंसारखा लिम्फ नोडपर्यंत गेलेला आजार) किंवा धोका जास्त असलेल्या दुसऱ्या टप्प्याचे ८८९ पेशंट. निम्म्यांना माहितीपुस्तिका दिली, निम्म्यांना तीन वर्षं शिस्तीत, प्रशिक्षकाच्या देखरेखीत व्यायाम करवला. पाच वर्षांनी आजार उलटलेला नाही असे पुस्तिकावाल्यांत ७३.९ टक्के, व्यायामवाल्यांत ८०.३ टक्के. हा फरक एखाद्या औषधाएवढा आहे, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास भरभर चालण्याने तो गाठता येतो. त्या लोकांनी व्यायाम केमो संपल्यावर दोन ते सहा महिन्यांत सुरू केला होता. घरामागच्या कालव्याच्या कडेने चालणं पुरतं. पर्वतीच्या पायऱ्या पहिल्याच दिवशी नकोत. चाचणीत जे झालं ते एकटीला पुस्तिका देऊन झालं नाही, कुणीतरी सोबत होतं, हे लक्षात ठेवा आणि तुम्ही सोबत जा.

ॲस्पिरिनबद्दलही लोक विचारतात. गाठीत पीआयकेथ्रीसीए या जनुकाच्या मार्गात विशिष्ट बदल असलेल्यांना रोज १६० मिलिग्रॅम तीन वर्षं दिल्यावर उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं, असा २०२५ चाच निकाल आहे. पण त्यासाठी आधी गाठीची ती तपासणी हवी, आणि रक्तस्रावाचा धोका पाहायला हवा. आपल्या मनाने सुरू करू नका.

आणि तुम्ही स्वतः. आईला आतड्याचा कॅन्सर झालाय म्हणजे चाळिशी आली की तुमची आणि भावंडांची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीच्या नळीने मोठ्या आतड्याची तपासणी, व्हायला हवी. वर मी सांगितलं तो थांबलेला पॉलिप आठवा. तो वर्षानुवर्षं थांबून राहतो, दहा-दहा वर्षं. आपल्या हातात असलेला वेळ तोच आहे. नळीतून तार टाकून तो पाच मिनिटांत काढता येतो, मग ब्रेक सुटण्याचा प्रश्नच येत नाही. सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही, त्यामुळे बोलावणं येईल म्हणून थांबू नका.

एक गोष्ट रिपोर्टमध्ये शोधा: एमएमआर, म्हणजे डीएनएमधल्या चुका दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांची तपासणी. एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६ या चार प्रथिनांची नावं असतील. आईंची गाठ उजव्या बाजूची आहे, त्यामुळे ही तपासणी झालेलीच हवी. त्यातलं एखादं प्रथिन नसेल तर पुढचं औषध बदलू शकतं, आणि घराण्यातून चालत आलेला आजार तर नाही ना हेही पाहावं लागतं. मग तुमच्या कोलोनोस्कोपीचं वय चाळिशीच्याही आधी येतं. झालेली नसेल तर लॅबमधून ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे प्लास्टिकच्या छोट्या जाळीवर बसवलेला मेणाचा चौकोन, ज्यात आईंच्या गाठीचा तुकडा आहे. ‘ट्यूमर’ लिहिलेला ब्लॉक कोणता आणि नॉर्मल आतड्याचा कोणता, ते रिपोर्टमधल्या नंबराशी जुळवून, सही करून घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये नेत असाल तर उन्हात लावलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. मेण मऊ पडून चिकटलेले ब्लॉक माझ्याकडे आलेले आहेत. पाकीट पर्समध्ये ठेवा, आणि लॅबमध्ये पोचल्यावर पावती घ्या.